रेघ आणि टिंब

मी, श्रीमती बसम्मा शिवाप्पा हंजे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा घरकाम आणि वाचनालय, राहणार गंगावेश, कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "का ओ, तुमचं कॅलेंडर हरवलं काय?" एवढ्यावर त्यांनी सही केली.

माझ्यावर कुणाचं दडपण नाही. आमच्या गल्लीतले वकील म्हणत होते, नमुन्याचा मजकूर एका पानाचा तयार असतो, नावं भरली की झालं. तो नमुना मी वाचायला घेतला आणि दुसऱ्या परिच्छेदाला थांबले. माणूस कोण होतं ते ज्यात कळत नाही, ते त्याच्या माघारी तरी कोण वाचणार? म्हणून हे कच्चे कागद मी स्वतः लिहिते आहे. हात कापतो, अक्षर कोंबडीच्या पायासारखं झालं आहे, त्यामुळे पक्की प्रत दुसऱ्याकडून करून घ्यावी लागेल. कुणाकडून, ते शेवटी ठरवीन. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केलं होतं असं कुणी सांगू लागलं तर ती त्याची कथा समजावी.

कलम १. गंगावेशीतलं राहतं घर, म्हणजे खालच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, माडी आणि न्हाणीघर, हे माझा एकुलता मुलगा चि. बसवेश यास देते. ओसरी मात्र त्याला देत नाही. ओसरी, तिच्यावरची कपाटं आणि त्यांतली सर्व पुस्तकं माझी सून सौ. विद्याश्री हिला देते. बसवेश शिरोलीच्या कारखान्यात नोकरीला आहे, स्वभावानं चांगला आहे, पण ओसरी बघितली की त्याला शटर दिसतं. "अव्वा, आता पुस्तकं कोण वाचतंय? मोबाईल रिचार्जचा गाळा काढूया की," असं दोन वर्षं चाललं आहे. बाळा, मी गेल्यावर शटर बसवायचं असलं तर बायकोची परवानगी घे. बघू कशी मिळते.

हा कागद मी खरा कशासाठी लिहिते तेही इथंच सांगून टाकते, म्हणजे वाचणारा उगाच ताटकळायला नको. माझ्या हिरव्या ट्रंकेत विद्याश्रीनं लिहिलेली कादंबरी आहे, दोनशे पानी दोन वह्या. तीन वर्षांपूर्वी तिनं ती मला वाचायला दिली. मी पान एकतीसपाशी थांबले आणि तिला आजपर्यंत "वाचतेय गं" असंच सांगत आले. तिला वाटतं, कादंबरी कंटाळवाणी आहे. तेव्हापासून तिनं पेन खाली ठेवलं. मी का थांबले ते तिला सांगायचं आहे. त्याला धीर लागतो, म्हणून आधी बाकीची वाटणी करून घेते.

कलम २. वाचनालय. माझं माहेर संकेश्वर. शाळा कानडी, तीही चौथीपर्यंत. आमची अव्वा शेंगा फोडताना गोष्ट सांगायची आणि मी दर शेंगेला विचारायची, "मुंद एनातु?" म्हणजे पुढं काय झालं? अव्वा वैतागून म्हणायची, पुढं तू गप बसलीस.

लग्न होऊन मी १९५२ साली इथं आले. यजमान गुळाच्या अडतीवर दिवाणजी. वाचनाचा भारी नाद. मला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून सकाळी ते मला कादंबरी वाचून दाखवायचे, आणि नेमकी कादंबरीतली बाई विहिरीकडं निघाली की पुस्तक मिटून दुकानाला जायचे. दिवसभर ती बाई विहिरीकडं चाललेली आणि मी इथं भाकऱ्या थापत. त्या रागानं मी सहा महिन्यांत बाळबोध वाचायला शिकले. यजमानांना वाटलं, बायकोला विद्येची गोडी लागली. विद्येचं मला काही पडलं नव्हतं. ती बाई विहिरीत पडली काय, एवढंच हवं होतं. (पडली नाही. पाणी घेऊन घरी आली. तरी बरं वाटलं.)

१९६८ साली आमच्याच साठ पुस्तकांवर ओसरीत वाचनालय सुरू केलं. नियम एकच ठेवला. पुस्तक परत करताना खरं बोलायचं. "कुठं थांबलासा?" असं मी प्रत्येकाला विचारायची. बहुतेकजण आधी छाती फुगवून सांगायचे, "सगळं वाचलं की ओ अक्का." मग मी विचारायची, "शेवटी थोरली सून कुठं गेली?" मग डोकं खाजवत, "ऐंशी पानापातूर आलतो." झालं. ऐंशीव्या पानाच्या समासात मी पेन्सिलीनं बारीक रेघ मारायची आणि वहीत नोंद करायची. एक माणूस, एक रेघ. अशा चौदा वह्या भरल्या.

कलम ३. त्या चौदा वह्या, पेन्सिलीच्या डब्यासह, विद्याश्रीला देते. सोन्याच्या पाटल्या नात सुष्मिताला आणि पोस्टातली शिल्लक तिच्या शिक्षणाला. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. वह्यांवर आहे.

लिहिणाऱ्याला काय चुकलं ते पुस्तकात कळत नाही, ओसरीवर कळतं. आता बघ, लेखक लोक पहिलं पान दहादा घासतात. पहिल्या पानावर कुणीच थांबत नाही. घरी नेलेलं पुस्तक माणसं पाहुण्यासारखं चार दिवस सांभाळून घेतात. उठतात ती चाळिसाव्या पानाच्या आसपास, जिथं एकाच लग्नात नऊ माणसं आपापली नावं घेऊन मांडवात शिरतात. वाचक म्हणतो, आधी मला एक कुणीतरी नीट भेटवा, मग तुमचं गोत आणा.

एका कादंबरीत एकाच पानावर एकवीस रेघा पडल्या होत्या. मला नवल वाटलं, म्हणून ते पान मी चारदा वाचलं. भाषा चांगली, वाईट काही नाही. मग आधीचं पान वाचलं. तिथं नायिका ताट तसंच ठेवून उठली होती. आणि या पानावर लेखक ती का उठली ते समजावत बसला होता. अरे बाबा, कळलं की लोकांना! ताट ठेवलं तेव्हाच कळलं. कळलेलं परत सांगायला लागलं की माणूस पुस्तकातनं उठतो, कीर्तनातनं उठतो, सोयऱ्याच्या घरातनंसुद्धा उठतो.

बोलण्याचंही तसंच. पुस्तकातली माणसं विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देतात. घरात कोण देतं? नवरा विचारतो, "जेवलीस काय?" बायको म्हणते, "तुमच्या भावाचा फोन आलता." ती जेवली नाही, आणि का जेवली नाही, दोन्ही आलं त्यात. या एका गोष्टीसाठी मी स्वयंपाक करता करता निम्मी गल्ली ऐकली आहे. लोक मला भोचक म्हणतात. म्हणोत.

दुष्ट माणसाबद्दलचं शहाणपण मात्र माझं नाही, आमचे वाचक बाळासो यांचं आहे. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. एक गाजलेली कादंबरी साठाव्या पानावर परत आणून म्हणाले, "अक्का, ह्यो सावकार सकाळी उठून काय करतोय ते कुठंच न्हाय. नुसता दारातनं आत येतोय आन वाईट वागून जातोय. आमच्या काट्यावरचा चोर सुदीक आधी च्या पाजतोय, मग काटा मारतोय." मी ते वाक्य वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं आहे. पुढं नवं पुस्तक हातात आलं की मी आधी बघायची, यातला वाईट माणूस कुणाला च्या पाजतो.

कलम ४. माझी मोठी सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचा रीळ बुकबाइंडर कृष्णात यास देते. लोक रहस्यकथेचा शेवट आधी बघतात, म्हणून मी शेवटची आठ पानं टाचून देत असे. दोरा तुटून आला तर पुस्तक पास. दोरा जसाच्या तसा आला तर ते पुस्तक पुन्हा विकत घ्यायचं नाही. कृष्णात पहिल्याच दिवशी दोरा उसवून शेवट वाचायचा आणि परत शिवून आणायचा. अरे शहाण्या, माझा टाका धावदोऱ्याचा आणि तुझा बाइंडरचा. वीस वर्षं मला कळत होतं. बोलले नाही, कारण तुझ्या टाक्यानं पुस्तकं टिकली.

कलम ५. माझे धाकटे दीर मल्लेश यांनी १९८३ साली एका दोन भागांच्या कादंबरीचा पहिला भाग नेला, तो अद्याप परत केलेला नाही. विचारलं की म्हणतात, "आणतो की वैनी, पळून चाललोय काय?" ओसरीत हिस्सा मागायला मात्र बरोबर आले होते. ओसरीत त्यांचा हिस्सा नाही, वाटणीपत्र कपाटात आहे. दुसरा भाग मी त्यांच्या नावानं ठेवला आहे. पहिला भाग आणून दिल्याशिवाय तो त्यांना देऊ नये. तेवीस वर्षं माणूस पुढं काय झालं ते न विचारता कसा राहू शकतो, हे मला अजून उमगलेलं नाही. बाकी माझा त्यांच्यावर राग नाही. थोडा आहे.

कलम ६. धोंडुबाई. ही बाई हयात नाही, तिला काही द्यायचं नाही, पण तिच्यावाचून पुढचं समजणार नाही. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर ती म्हैस घेऊन यायची. गिऱ्हाईक येईपर्यंत म्हशीला टेकून पुस्तक वाचायची. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षर शिकलेली, पण वाचायची अधाशासारखी. एकदा एक कादंबरी तिनं दुसऱ्याच दिवशी परत आणली. पान चौऱ्याऐंशी.

"का गं? कंटाळा आला?"

"कंटाळा कशाचा? लई झ्याक हाय. पर त्यो पोरगा आता न्हदीवर निघालाय. म्होरं न्हाय वाचत मी."

मला आठवलं, तिचा थोरला पंचगंगेत गेला होता. मी रेघ मारायला पेन्सिल उचलली, पण हात चालेना. ही रेघ कशी होईल? म्हणून समासात एक टिंब केलं. त्या दिवसापासून वह्यांत दोन खुणा आहेत. कंटाळ्याला रेघ, धसक्याला टिंब.

चार महिन्यांनी धोंडुबाई दुधाची किटली घेऊन ओसरीवर आली. इकडचं तिकडचं बोलली आणि जाता जाता म्हणाली, "अक्का, त्यो पोरगा वाचला काय ओ?" पुस्तकात पोरगा बुडतो. पण तिच्या तोंडाकडं बघून मी म्हटलं, "आला की घरला." ती म्हणाली, "मग द्या की, वाचतो मी." शिवशिव! आता आली का पंचाईत! शेवटी म्हटलं, "धोंडे, खोटं बोलले मी. न्हाय आला त्यो."

ती म्हणाली, "ठाव हाय मला. तुमचं त्वांड बघितलं की कळतंय. द्या."

आठ दिवसांनी तिनं पुस्तक परत केलं. शेवटपर्यंत वाचलं होतं. मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "बरं लिवलंय. आसंच आसतंय." आणि म्हशीकडं गेली.

अडतीस वर्षांच्या वह्या चाळून एक गोष्ट मी खात्रीनं सांगते. कंटाळ्यानं थांबलेला वाचक परत येत नाही. धसक्यानं थांबलेला येतो. उशीर लावतो, पण येतो. लिहिणाऱ्यानं रेघांना भ्यावं, टिंबांना भिऊ नये.

कलम ७. यजमानांची कादंबरी. त्यांनी १९८१ साली स्वतः छापली, पाचशे प्रती. चारशे ऐंशी माडीवर आहेत. त्यात पान चोपन्न ते सत्तावन्न सूर्य उगवतो. साडेतीन पानं उगवतच राहतो. शेजारधर्म म्हणून त्रेचाळीस जणांनी पुस्तक नेलं आणि पान सत्तावन्नच्या पुढं अख्ख्या कोल्हापुरात कुणी गेलं नाही. मी गेले. पुढं पान नव्वदला दोन भाऊ एका म्हशीची वाटणी करतात, ते असं लिहिलं आहे की वाचताना मी हसता हसता गप झाले. पण तिथवर पोचतो कोण? सूर्य वाट अडवून बसलेला.

यजमान रोज संध्याकाळी विचारायचे, "काय म्हणत्यात लोक?" मी म्हणायची, "रडत्यात." आणि दुसऱ्या दिवशी खोडरबर घेऊन रेघा पुसायची. माझ्या चौदा वह्यांत या एकाच पुस्तकाची नोंद नाही. सगळ्या गावाला खरं विचारणारी मी, घरातल्या माणसाशी खोटं बोलले. सूर्य काढा, एवढे दोन शब्द सांगितले असते तर त्यांनी तो काढला असता. माझ्या गोडव्यानं त्यांचं मन राहिलं आणि लेखन राहून गेलं. दर वर्षी ते दिवाळी अंकांना कथा पाठवायचे आणि ओसरीवरच्या खुर्चीत पोस्टमनची वाट बघायचे. दर वर्षी साभार परत. १९९४ साली गेले, तेही त्याच खुर्चीत.

त्या सर्व प्रती विद्याश्रीला देते. सूर्य काढून म्हशीची वाटणी तेवढी पुन्हा छापली तरी चालेल. ज्या प्रतीला निळं कव्हर घातलं आहे ती मात्र माझ्या उशापाशी असते. तिच्याबद्दल कलम नऊमध्ये.

कलम ८. आता हिरवी ट्रंक. विद्याश्री मलकापूरची, मराठी घेऊन बी. ए. झालेली, १९९६ साली या घरात आली. आमच्याकडची रीत म्हणून मला अत्ती म्हणते. २००३ च्या दसऱ्याला तिनं आपट्याच्या पानांबरोबर दोन वह्या माझ्या हातात ठेवल्या. म्हणाली, "अत्ती, सगळ्यांना विचारता तसं मी तुम्हाला विचारणार. कुठं थांबलात ते सांगायचं. खरं."

मी दुपारी वाचायला बसले. भात करपला तरी उठले नाही. अशी सरळ, चावट, डोळस लेखणी! गल्लीतली माणसं एकेक करून आत येतात, एकही गर्दी करत नाही. एकतीस पानं एका दमात वाचली. एकतिसाव्या पानाची शेवटची ओळ अशी आहे: "पोस्टमनने ओसरीपाशी सायकल थांबवली आणि सासूबाईंनी हात पुढे केला."

मी वही मिटली ती मिटली.

पहिले काही महिने ती विचारायची. मी डोळ्यांचं कारण सांगायची. मग तिनं विचारणं सोडलं. परवा नागपंचमीला ती मैत्रिणीला सांगत होती, "अत्ती काहीबी वाचतात गं, किराणाच्या पुडीचा कागदसुद्धा. त्यांनाच माझं वाचवलं नाही, मग दुसरं कोण वाचणार?" मी पडद्याआड शेवया घेऊन उभी होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कलम ९. ऑगस्ट १९९८. सुष्मिता तेव्हा पोटात होती. पोस्टमननं ओसरीपाशी सायकल थांबवली आणि मी हात पुढे केला. विद्याश्रीच्या नावाचं पोस्टकार्ड. कार्ड उघडंच असतं, आणि माझ्या हातात आलेलं अक्षर मी वाचल्याशिवाय सोडत नाही. पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांचं होतं. तुमची कथा स्वीकारली आहे, शेवट थोडा आटोपता घेण्यास संमती असल्यास आठ दिवसांत कळवावे.

माझी नजर यजमानांच्या खुर्चीकडं गेली. त्या माणसानं एवढी वर्षं वाट बघितली आणि त्याला एक कार्ड आलं नाही. हिला पहिल्या कथेला आलं. मला राग आला. कुणाचा, ते धड कळलं नाही. तुझा नव्हता, विद्या, पण गेला तुझ्यावर. मी उठले आणि यजमानांच्या कादंबरीत, पान अठ्ठावन्नला, ते कार्ड ठेवलं. तिथवर कुणीही जाणार नाही, याची खात्री माझ्याएवढी कुणाला असणार?

उद्या देईन म्हटलं. परवा देईन म्हटलं. आठ दिवस गेले. तू विचारलंस, "अत्ती, माझं काही आलं काय?" मी म्हटलं, "न्हाय गं." तू म्हणालीस, "नसेल आवडली." आणि आत जाऊन कणीक मळायला लागलीस. नंतर चार वर्षं तू काही लिहिलं नाहीस. त्या दिवाळीला मी तो अंक आणलासुद्धा नाही.

निळ्या कव्हरची प्रत तीच. कार्ड अजून अठ्ठावन्नलाच आहे. ते तुझंच आहे, म्हणून ते देते असं लिहिता येत नाही. परत करते.

म्हणून मी पान एकतीसपाशी थांबले. कंटाळा नव्हता, धसका होता. तुला ठाऊक आहे काय? तू बघितलं होतंस काय? पान बत्तीसवर माझं काय लिहिलं असशील? दुसऱ्याच्या पुस्तकात पुढं काय झालं म्हणून आयुष्यभर तडफडलेली मी, या एका पानाचं पुढं तीन वर्षं बघू शकले नाही. सगळ्या गावाची टिंबं मांडली, माझं मांडलं नाही. ते आज पान एकतीसच्या समासात मांडलं आहे.

कलम १०. काल दुपारी मी ट्रंक उघडली आणि पान बत्तीस वाचलं.

तुझ्या कादंबरीतली सासू कार्ड वाचते, जोरात हाक मारते, सुनेला मिठी मारते आणि गल्लीत साखर वाटते. म्हणजे तुला काही ठाऊक नव्हतं. मी पदरानं डोळे पुसले. मग पेन्सिल घेतली आणि त्या पानावर रेघ मारली. हो, रेघ. कंटाळ्याची.

विद्या, ही बाई खोटी आहे गं. एकतीस पानं तू एक माणूस खोटं लिहिलं नाहीस आणि इथं येऊन घाबरलीस. सासू वाचणार आहे म्हणून तिला चांगली केलीस. एवढी चांगली बाई सकाळी उठून काय करते? बाळासो काय म्हणाले ते वहीच्या पुठ्ठ्यावर वाच. वाईट माणूस च्या पाजतो, तसं चांगल्या माणसाच्या हातूनही काहीतरी होतं, आणि तरी तो त्याच हातानं बाळंतिणीला डिंकाचे लाडू करून घालतो. मी तुला लाडू केले होते. कार्ड लपवून झाल्यावर केले होते. दोन्ही मीच. ही बाई लिही. तिच्यापाशी कुणी उठून जाणार नाही.

तो प्रसंग, म्हणजे मी ओसरीवर कार्ड घेतलं तिथपासून "न्हाय गं" म्हटलं तिथपर्यंत, मी सौ. विद्याश्री हिला कायमचा देते. त्यावर बसवेश, मल्लेश अगर दुसऱ्या कोणाचा हक्क राहणार नाही. नाव बदललं तरी चालेल, नाही बदललं तरी चालेल. मला समजून घेऊन लिहू नकोस. समजून घेतलेलं लगेच ओळखू येतं. खुर्ची मात्र ठेव. खुर्चीशिवाय ती बाई नुसती दुष्ट होईल.

मृत्युपत्रात द्यायचं असतं, मागायचं नसतं, असं वकील म्हणाले. म्हणून क्षमा मागत नाही. मन मागतंय, तेवढं लिहून ठेवते.

रेघ मारून मी पुढं वाचायला लागले. आता पान एकशे बारावर आहे. मोरीतला तो प्रसंग फार चांगला आहे.

कलम ११. मला आमच्या लिंगायत रीतीनं बसवून पुरावं. हातात पुस्तक देऊ नये, तिथं उजेड नसतो. ओसरी तीन दिवस बंद ठेवावी, चौथ्या दिवशी उघडावी आणि येईल त्याला विचारावं, कुठं थांबलासा.

पक्क्या प्रतीचं ठरवायचं राहिलं होतं. वकिलांचा टायपिस्ट आहे. पण हे माझ्या माघारी वाचलं गेलं तर तू कुठं थांबलीस ते मला कधीच कळणार नाही, आणि ते कळल्याशिवाय मला राहवणार नाही. ही माझी खोड अव्वाच्या शेंगांपासूनची. म्हणून हे कागद उद्या सकाळी मी विद्याश्रीच्या हातात देणार आहे आणि पक्की प्रत तिनंच लिहावी असं सांगणार आहे. तिनं नाही म्हटलं तर टायपिस्ट आहेच.

येणेप्रमाणे मी हे मृत्युपत्र वाचून, समजून, एकाही ओळीला न थांबता सही केली आहे.

ठिकाण: गंगावेश, कोल्हापूर
दिनांक: २१ ऑगस्ट २००६
(सही) बसम्मा शिवाप्पा हंजे

साक्षीदार
१. बाळासो, निवृत्त, राहणार शुक्रवार पेठ. आमच्यासमोर सही केली. आम्हाला च्या पाजला.
२. कृष्णात, बुकबाइंडर, राहणार गंगावेश. कलम चारमधला मजकूर खरा आहे.

पक्की प्रत लिहिणार: सौ. विद्याश्री बसवेश हंजे. वरील मजकूर अत्तींच्या कच्च्या कागदांवरून जसाच्या तसा उतरवला आहे. खाडाखोड नाही. कलम नऊ लिहिताना मी थांबले. त्या ठिकाणी समासात टिंब केले आहे. चार दिवसांनी पुढचे लिहायला बसले.